खुशाल करा तक्रार!

बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्याविरुद्ध लेखी तक्रार येण्याची ही पहिलीच वेळ. तोंडी तक्रारींचा हिशेब मी ठेवत नाही. त्या घरूनही येतात. पण लेखी, सहीनिशी, दिनांक घातलेली आणि खाली ‘प्रत माहितीसाठी रीजनल ऑफिसकडे’ असा शेपटा असलेली तक्रार म्हणजे साधी गोष्ट नव्हे. तिची फाईल होते. फाईल झाली की तिला नंबर पडतो, आणि बँकेत नंबर पडलेली वस्तू माणूस रिटायर झाला तरी रिटायर होत नाही.

त्याचे असे झाले. जूनचा पहिला आठवडा होता. बाहेर पाऊस, आत छत्र्यांचे पाणी, आणि पासबुक छापायचे यंत्र बंद. हे यंत्र म्हशीच्या स्वभावाचे आहे. मनात आले तर बादलीभर देते, नाहीतर लाथ मारते. एक गृहस्थ पासबुक घेऊन तिसऱ्यांदा आले. बाहेरगावाहून बदली होऊन कोल्हापुरात नव्यानेच आलेले असावेत, कारण चेहऱ्यावर अजून आशा होती. मी म्हणालो, “मशीन बंद हाय. उद्या या.” ते म्हणाले, “कालही तुम्ही हेच सांगितलंत. मी वर तक्रार करीन.” आणि मी म्हणालो, “खुशाल करा.”

आता ह्या दोन शब्दांत अपमान कुठे आहे, हे अस्सल कोल्हापूरकराला भिंग लावूनही सापडायचे नाही. आम्ही ‘खुशाल’ हा शब्द पानाला चुना लावावा तसा सगळीकडे लावतो. खुशाल बसा, खुशाल जेवा, खुशाल झोपा; आणि भांडण रंगात आले की खुशाल कोर्टात जा. पण ते गृहस्थ खरोखरच घरी गेले आणि त्यांनी खरोखरच खुशाल तक्रार केली. ‘आपला सदर कर्मचारी मिजासखोर, मगरूर व शेखी मिरवणारा असून ग्राहकाशी दिमाखात बोलतो.’ एका वाक्यात चार शब्द! मराठी चांगली होती माणसाची.

मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावले, चहा मागवला (केबिनमधल्या चहाला मी नेहमी घाबरतो) आणि म्हणाले, “तुम्हाला मी ओळखतो हो. पण कागद आलाय. तीन दिवसांत लेखी खुलासा द्या.”

घरी बायकोला कागद वाचून दाखवला. तिने भाजी निवडता निवडता तो शांतपणे ऐकला आणि म्हणाली, “ह्यात खुलासा कसला द्यायचा? खोटं काय लिहिलंय?”

मी कॉमर्सचा पदवीधर. आपल्या खात्यावर एखादी रक्कम नावे पडली, तर ती मुकाट्याने मान्य करायची नाही. आधी व्हाउचर बघायचे, असे मला कॉलेजात शिकवले आहे. तेव्हा माझ्या नावे पडलेल्या ह्या चार शब्दांची व्हाउचरे बघावीत म्हणून शनिवारी मी करवीर नगर वाचन मंदिरात गेलो. ही संस्था 1850 सालची. आमच्या बँकेतल्या काही फायली तितक्याच जुन्या वाटतात, पण वाचन मंदिरात हवे ते सापडते. मी दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश मागितला. 1932 ते 1938 ह्या सहा-सात वर्षांत ह्या मंडळींनी त्याचे सात खंड बाहेर काढले. आमच्याकडे सात रजिस्टरे एका जागेवरून दुसऱ्या जागेवर हलवायला एवढा वेळ लागतो.

पहिला उघडला तो ‘मगरूर’. शब्द अरबी. आणि मुळातला अर्थ? ‘फसवला गेलेला’. ज्याला कोणीतरी भुलवले, ठकवले, तो मगरूर. पुढे, ज्याला स्वतःच्याच मनाने फसवून तू कोणी मोठा आहेस असे पटवले, तोही मगरूर. पुढे फसवणूक मागे पडली आणि ताठा तेवढा शिल्लक राहिला. हे वाचून मला त्या गृहस्थांविषयी प्रथमच आपुलकी वाटली. बावीस वर्षांत एकही प्रमोशन न घेतलेल्या कारकुनाला जो ‘फसलेला’ म्हणतो, तो तक्रारदार कसला? तो तर आमच्या युनियनचा माणूस!

‘मिजास’ ह्याहून मजेदार निघाला. तोही अरबी, आणि मूळ अर्थ ‘मिश्रण’. जुन्या युनानी वैद्यकाप्रमाणे माणसाच्या अंगात चार रस असतात आणि त्यांचे जे मिश्रण जमते तो त्याचा मिजाज, म्हणजे प्रकृती. लखनौकडे अजूनही ‘मिजाज कसा आहे’ असे अदबीने विचारतात. आपण मराठी माणसांनी मात्र ठरवले की ज्याला स्वतःची प्रकृती आहे तो शिष्टच असणार. गंमत अशी की इंग्रजीतला ‘ह्यूमर’ हा शब्दही ह्याच औषधाच्या बाटलीतून बाहेर पडला आहे. लॅटिनमध्ये ह्यूमर म्हणजे ओलावा, द्रव, मग अंगातले तेच चार रस, मग स्वभाव, मग लहर, आणि शेवटी विनोद. म्हणजे मिजासखोर आणि विनोदी लेखक हे सख्खे नसले तरी चुलतभाऊ आहेत. असले लेख मी लिहितो हे तक्रारदाराला कोणी सांगितले असेल, ह्याचा मला अजून संशय आहे.

‘दिमाख’ म्हणजे अरबीत मेंदू. हिंदीवाल्यांनी तो ‘दिमाग’ म्हणून डोक्यातच ठेवला. आपण बाहेर काढून मिरवणुकीत नेला. म्हणून आपल्याकडे लग्नाची वरात दिमाखात जाते आणि मेंदूचा त्यात काही संबंध नसतो. ‘शेखी’ शेखवरून आली. शेख म्हणजे वयाने मोठा, वडीलधारा. वडीलधाऱ्याचा मान नसताना तो मिरवायचा ही शेखी. आमच्या घरापुरते बोलायचे तर ती खुर्ची आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षीही अडवून ठेवली आहे. मी शेखी मिरवणार कुठे?

चार शब्द झाले, उठायला हरकत नव्हती. पण कोशाचे शेंगदाण्यासारखे आहे. मी ‘तक्रार’ हा शब्द काढला. अरबीत तक्रार म्हणजे ‘पुन्हा पुन्हा करणे’. आले गृहस्थ बरोबर! तीनदा आले होते. मुळातल्या अर्थाने त्यांची तक्रार काउंटरवरच पूर्ण झाली होती, कागद हा वरखर्च. आणि ‘खुलासा’ म्हणजे अर्क, सार. साहेबांनी अर्क मागितला होता आणि मी मनातल्या मनात सहा पानांचा मजकूर तयार करून बसलो होतो.

हे एवढे शब्द आपल्याकडे आले कसे, ह्याला कोल्हापूरकराला लांब जावे लागत नाही. गच्चीवर उभे राहून वायव्येला बघितले की पन्हाळा दिसतो. तिथे आधी बहामनी, मग विजापूरची आदिलशाही. 1659 साली अफझलखान पडल्यावर काही दिवसांतच शिवाजी महाराजांनी पन्हाळा घेतला, पुढे तो गेला, पुन्हा आला. गड घेता येतो, पण दोन-तीनशे वर्षे कचेरीत आणि बाजारात मुरलेले शब्द तलवारीने निघत नाहीत. महाराजांनी त्यालाही हात घातला. फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश त्यांनी करवून घेतला. त्यात दरबार, खजिना, कारखाने, किल्ले असे सगळे सरकारी कामकाजाचे शब्द. पेशवा पंतप्रधान झाला, मुजुमदार अमात्य झाला. पण कचेरीच्या शब्दांना हुकूम लागू पडतो. माजाला लागू पडत नाही. माणूस मुजुमदारीवरून अमात्यपदावर गेला असेल, पण मिजास तीच राहिली असणार, असे आमच्या खात्यातली प्रमोशने पाहून वाटते.

ह्या बाबतीत कोल्हापूरच्या वाट्याला एक अजब माणूस आला होता. माधव त्रिंबक पटवर्धन, म्हणजे कवी माधव ज्यूलियन. हे फारसीचे प्राध्यापक. 1925 साली त्यांचा फारसी-मराठी कोश प्रसिद्ध झाला. त्यानंतर काही वर्षांनी ते आमच्या राजाराम कॉलेजात आले आणि 1939 साली वारले तोपर्यंत कोल्हापूरचेच राहिले. गझल मराठीत रुजवली ती त्यांनी. म्हणजे मराठीतला फारसी शब्द कुठल्या आळीतला, कोणाच्या घरातला, हे ह्या माणसाइतके कोणाला ठाऊक असणार? आणि ह्याच माणसाने पुढे सावरकरांच्या भाषाशुद्धीचा कैवार घेतला, ‘भाषाशुद्धि-विवेक’ नावाचे पुस्तक लिहिले आणि हे परके पाहुणे आता घरी जावेत म्हणून लेखणी उचलली.

लोक ह्याला विसंगती म्हणतात. मला तसे वाटत नाही. आमच्याकडे कॅश मोजून मोजून कंटाळलेला कॅशियर असाच घरी नोटेला हात लावत नाही. शिवाय ज्याच्या हाती पाहुण्यांची यादी असते त्यालाच जेवणाच्या पंगतीत किती पाने वाढली आहेत हे कळते, बाकीचे खुशाल जेवत असतात. भाषाशुद्धीने आपल्याला कितीतरी चांगले शब्द दिले. माझ्याविरुद्धच्या तक्रारीवर तारीख नव्हती, ‘दिनांक’ होता, हे त्याचेच फळ. पण चार शिव्या मात्र त्या गृहस्थांनी फारसी-अरबी अत्तर लावूनच दिल्या. रागावलेला माणूस शुद्ध बोलत नाही. आनंदातलाही नाही.

एवढ्यावरून कोणी असे समजू नये की माज आपण सगळा बाहेरून आयात केला. घरचे उत्पादन भरपूर होते. संस्कृतात हत्तीच्या गंडस्थळातून पाझरणारा द्रव तो ‘मद’, आणि नशा हाही मद, गर्व हाही मद. फारसीत ‘मस्त’ म्हणजे झिंगलेला, आणि हत्ती माजावर आला की तोही मस्त. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता गर्वाचे माप म्हणून हत्तीच निवडला. कोल्हापूरला हे कोशातून शिकावे लागले नाही. शाहू महाराजांच्या वेळी इथे मस्तीतला हत्ती आणि पायी माणूस ह्यांचा सामना चाले, त्याला साठमारी म्हणत. हत्ती गेले, सामने गेले, पण साठमारी हे जागेचे नाव अजून आहे.

आणि गर्वाचे जे शब्द अस्सल आमचे, त्यांची तर गोष्टच वेगळी. ‘लई भारी’ म्हणजे नुसते ‘फार वजनदार’. भार ज्याला तो भारी. ज्या गावाने गूळ आणि पैलवान वजनावर घेतले, त्याने कौतुकही वजनावरच करावे ह्यात नवल नाही. ‘नाद’ म्हणजे संस्कृतात आवाज. मराठीत तो छंद झाला, मग व्यसन झाला. कोल्हापुरात ‘आमचा नाद करायचा न्हाई’ ही धमकी, आणि ‘नाद खुळा’ ही वाहवा. एकाच नादाने मारायचेही आणि एकाच नादाने मिठीही मारायची. पुण्याच्या पाहुण्यांना ह्यातले केव्हा कोणते चालले आहे हे कळत नाही, म्हणून ते आमच्याकडे जरा भिंतीच्या कडेने चालतात.

हे मी पुटपुटत असलो पाहिजे, कारण शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी वर्तमानपत्र खाली केले. इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक, आमच्याच ब्रँचचे पेन्शन खातेदार. म्हणाले, “स्कॉटलंडमध्ये अगदी असंच आहे.”

कोल्हापुरातल्या कोणत्याही गोष्टीसारखी गोष्ट जगात दुसरीकडे असणे मला मान्य नव्हते. पण सर वर्गात शिरल्यासारखे सुरू झाले होते. जुन्या स्कॉट बोलीत ‘क्रूस’ म्हणून एक शब्द आहे. येशूच्या क्रुसाशी त्याचे नाते नाही. क्रूस म्हणजे ताठ, धीट, जरासा शेफारलेला. आणि क्रूस म्हणजेच आनंदात असलेला, खुशीतला.

“दोन्ही एकदम?” मी विचारले.

“त्यांना त्यात फरक करावासा वाटला नाही. माणूस जरा छाती काढून चालला की तो आनंदात असणार, आणि आनंदात असला की छाती काढणारच.”

त्याच्या जोडीला ‘कँटी’, म्हणजे नुसता हसराखेळता. आणि ‘वॉन्टी’, म्हणजे आपल्या एखाद्या वस्तूचा तोरा असलेला. बर्न्स कवीच्या एका प्रसिद्ध कवितेतली तरुण चेटकीण आपल्या आखूड सदऱ्याविषयी अशी वॉन्टी आहे. 1808 साली जेमीसन नावाच्या पाद्र्याने हे सगळे स्कॉट शब्द दोन खंडांत गोळा केले, कारण सुशिक्षित स्कॉट मंडळी लंडनसारखे बोलायच्या नादात ते टाकून देऊ लागली होती. सर म्हणाले, “आपल्याकडं मराठी कोश करणारा मोल्सवर्थ लष्करातला, त्यांच्याकडं पाद्री. शब्द गोळा करायचं काम कोणाच्या गळ्यात पडेल सांगता येत नाही.” मोल्सवर्थचा कोश 1831 सालचा. आणि मराठ्यांचा इतिहास 1826 साली ज्याने छापला तो साताऱ्याचा ग्रँट डफ, तो तर स्कॉटच. त्याला लहानपणापासून ‘क्रूस’ माहीत असणार. साताऱ्याऐवजी त्याची बदली कोल्हापूरला झाली असती, तर त्याला आम्ही एका आठवड्यात कळलो असतो.

मी सरांना म्हणालो, “आमच्याकडंही कसं काय विचारलं तर ‘एकदम टेचात’ म्हणतात. ते गर्वानं म्हणतात की आनंदानं, हे मला चाळीस वर्षांत कधी विचारावंसं वाटलं नाही.”

“मग आनंदाचे शब्द बघा की,” सर म्हणाले आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरले.

बघितले. ‘मजा’ म्हणजे फारसीत चव. ही एकच व्युत्पत्ती अशी होती की जी कोल्हापूरकराला शिकवायला नको. पांढऱ्या रश्श्याची पहिली वाटी तोंडाला लावताना प्रत्येकाला ती आपोआप सुचते. ‘ऐश’ म्हणजे अरबीत जगणे, आणि इजिप्तमध्ये तर ऐश म्हणजे साधी भाकरी! आम्ही ‘ऐश आहे बुवा तुझी’ म्हणतो ती भाकरी मिळते म्हणून म्हणतो, हे कळल्यावर ऑफिसातल्या निम्म्या लोकांचा मत्सर गेला. ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. हा शब्द पाहून मी जरा थांबलो, कारण आबांचे शिक्षण सातवी आणि तालीम आठ वर्षे.

आबा शिवाजी उद्यमनगरात लेथवर होते. त्याआधी पेठेतल्या तालमीत. कुस्तीत नाव मिळाले नाही, पण कान मोडून मिळाला. शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान 1912 सालचे. खोलगट, वाडग्यासारखे, म्हणजे शेवटच्या माणसालाही मधली लाल माती दिसावी. मी दहा वर्षांचा असताना आबा मला तिथे घेऊन गेले. हलगी कडकडत होती. आमच्या पेठेचा एक आणि सांगलीकडचा एक, अशी जोड लागली. आमचा जिंकला. लोक नाचायला लागले, फेटे उडाले. आणि आबा उभे राहून, दोन्ही हात तोंडाशी धरून, त्या पडलेल्या सांगलीवाल्याकडे बघून ओरडले, “शाब्बास रं माझ्या वाघा!”

मला लाजल्यासारखे झाले. आजूबाजूच्या लोकांनी वळून पाहिले. मी हळूच म्हणालो, “आबा, तो पडलाय.”

“म्हणून तर,” आबा म्हणाले. “जिंकला त्येला फेटा बांधत्यात, पैसं देत्यात, खांद्यावर घेत्यात. ह्येला काय? पडल्याला शाबासकी द्यायची असती.”

मला तेव्हा हा हिशेब पटला नव्हता. पुढेही पटला नाही, कारण आबांची शाबासकी मी ओळीने बघत आलो आहे. ती बैलाला मिळाली, घोड्याला मिळाली, रेडिओवरच्या हरलेल्या टीमला मिळाली, चढावर बंद पडलेल्या मालट्रकच्या ड्रायव्हरला मिळाली. मी बी. कॉम. झालो तेव्हा आबा म्हणाले, “बरं. हात धू, जेवाय बसू या.” बँकेत लागलो तेव्हा म्हणाले, “सकाळी लवकर उठाय लागंल.” मुलगी झाली तेव्हा तिला म्हणाले, मला नाही. माझ्या खात्यावर शाबासकीची एकही जमा नोंद नाही. मी ह्याचे कधी वाईट वाटून घेतले नाही असे म्हणण्याची पद्धत आहे. मी घेतले आहे.

त्यामुळे ‘शाबास’ हा शब्द काढताना मी इकडेतिकडे बघून घेतले. शब्द फारसी. शाद बाश. शाद म्हणजे आनंदी, बाश म्हणजे ऐस, राहा. शाबास म्हणजे ‘वाहवा’ नव्हे, ‘छान केलेस’ नव्हे, गुण नव्हे, ग्रेड नव्हे. शाबास म्हणजे ‘आनंदी राहा’.

सातवी पास माणसाला हे कोणी सांगितले होते?

आबा 1952 सालच्या खाशाबा जाधवांची गोष्ट नेहमी सांगतात. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा, शिकायला आमच्या राजाराम कॉलेजात. हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते. तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्यपदी राहिलेल्या गृहस्थांनी स्वतःचे घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. खाशाबांनी ब्राँझ आणले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर त्यांनी कुस्त्या लावून पैसे जमवले आणि ते घर सोडवून दिले, असे सांगतात. बँकेत कर्ज विभागात बसल्यापासून मला ह्या गोष्टीत पदकापेक्षा गहाणखतच मोठे दिसते. पण आबा गोष्ट वेगळ्याच ठिकाणी संपवतात. म्हणतात, “जायच्या आधी दिली बघ शाबासकी. आल्यावर कोन पन देतंय.”

सगळ्यात शेवटी मी मूळ गुन्ह्याचा शब्द काढला. खुशाल. ‘खुश’ अधिक ‘हाल’. ज्याचा हाल खुशीचा आहे तो. ह्यातला ‘हाल’ म्हणजे अरबीत नुसती अवस्था. बरी की वाईट ते पुढे सांगायचे. मराठी माणसाने अनुभवाने ठरवले की अवस्था म्हटली की ती वाईटच, म्हणून आपल्याकडे नुसते हाल झाले म्हटले तरी पुरते. फक्त ‘खुशाल’मध्ये तो बिचारा हाल सुखात राहिला आहे. म्हणजे मी त्या गृहस्थांना ‘आनंदात राहून तक्रार करा’ असे म्हणालो होतो! बँकेच्या ग्राहकसेवेच्या परिपत्रकात ह्याहून वेगळे काय असते?

रविवारी बसून मी खुलासा लिहिला. सहा पाने. मगरूर म्हणजे फसलेला, सबब तो आरोप मान्य. मिजास म्हणजे प्रकृती, ती प्रत्येक कर्मचाऱ्यास असते. दिमाख म्हणजे मेंदू, त्याबाबत शाखेत दुमत आहे. खुशाल म्हणजे आनंदात. आदिलशाहीपासून माधव ज्यूलियनपर्यंत सगळा पुरावा जोडला. शेवटी स्कॉटलंडचाही उल्लेख केला, विषय आंतरराष्ट्रीय आहे हे दिसावे म्हणून.

सोमवारी साहेबांनी सहाही पाने वाचली. दोनदा हसले. मग कागद घडी करून परत दिले. “घरी जपून ठेवा. आता ह्या कोऱ्या कागदावर लिहा: यापुढे असे होणार नाही, दिलगीर आहे. खाली सही.”

“साहेब, पण शब्दाचा मूळ अर्थ…”

“मूळ अर्थ रीजनल ऑफिसला चालत नाही.”

मी लिहिले. एक ओळ. म्हणजे शेवटी तो खरोखरच खुलासा झाला. दुपारी ते गृहस्थ आले. मशीन चालू होते. पासबुक छापून दिले. त्यांनी आभार मानले नाहीत, मी काही बोललो नाही. दोघेही शुद्ध वागलो.

संध्याकाळी घरी आलो. आबा पुढच्या सोप्यात खुर्चीवर बसले होते. कान मोडका असला तरी घरातल्या सगळ्या बातम्या त्याला लागतात.

“काय झालं तुझ्या कागदाचं?”

“माफी लिहून दिली.”

“म्हंजे पडलास म्हण की.”

“पडलो.”

आबांनी माझ्याकडे जरा वेळ बघितले. मी, आता शेहेचाळीस वर्षांचा बापय, पिशवी हातात धरून तसाच उभा राहिलो; काय ऐकायला उभा होतो ते सांगायला नको.

“मग तोंड का पाडालायस?” ते म्हणाले. “पडलास तर पडलास. ऱ्हा की खुशाल.” आणि खुर्चीचा हात धरून उठत आत बघून ओरडले, “अगं, ह्यो आला बघ. चा टाक.”